शक्तीच्या डब्याची सरकारी नोंद

हंगामाचा पट्टा पडला की आमच्या युनियनच्या कचेरीत माणसांची रीघ लागते. कुणाचा ओव्हरटाइम थकलेला असतो, कुणाचे फंडाच्या कागदावर नाव चुकलेले असते, कुणाचे मस्टरवर दिवस कमी लागलेले असतात. अशाच एका दुपारी गव्हाणीवर काम करणारा एक हंगामी कामगार आला आणि त्याने कागदाऐवजी एक भला मोठा डबा टेबलावर ठेवला. पोरगा तालमीतला, अंगापिंडाने चांगला. म्हणाला, "अण्णा, ही पावडर खातोय तवापस्नं पोट ठिकाणावर न्हाई. बंद करावी म्हणतो, तर समदी म्हणत्यात, नंबर हाय की त्याच्यावर, सरकारमान्य हाय. तुमी कायद्याचं बघता, एवढं बघा."

डबा साडेतीन हजार रुपयांचा. घरी म्हैस आहे, तिचे दूध डेअरीला जाते आणि दुधाच्या पैशांतून हा डबा येतो. त्यात मुख्यतः काय असते, तर चीज करताना दूध फाटल्यावर जे पाणी उरते, ती निवळी सुकवून केलेली भुकटी. दूध एका वाटेने घराबाहेर जायचे आणि त्याची निवळी दुसऱ्या वाटेने दसपट भावाने घरात यायची, असा हा व्यवहार आहे. पण पोराचा प्रश्न भावाचा नव्हता. डब्यावरचा नंबर काय सांगतो, एवढेच त्याला हवे होते. आणि खरे बोलायचे तर त्या दिवशी आम्हांलाही ते ठाऊक नव्हते. व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी यंदा विषय विचारला तेव्हा आम्ही हाच सांगितला. आम्ही ऊसदरावर बोलू अशी त्यांची समजूत होती. ऊसदरावर बोलणारे पुष्कळ आहेत.

आधी एक खुलासा करून ठेवतो. पूरक आहार म्हटले की आपल्याकडे अंगणवाडीतला खाऊ डोळ्यांपुढे येतो. त्याविषयी आम्ही बोलत नाही. पावडरी, गोळ्या, कॅप्सुला, सरबते अशा रूपात जी प्रथिने, जीवनसत्त्वे, कॅल्शियम, लोह किंवा वनस्पतींचे अर्क विकले जातात, ज्यांना बाजारात सप्लिमेंट म्हणतात, त्यांच्याविषयी हे विवेचन आहे. तालमीतला पोरगा ती शक्तीसाठी घेतो, म्हातारी गुडघ्यासाठी घेते, ऊसतोडीची बाई कंबरेसाठी घेते. प्रथिनांची पावडर हे काही विष नव्हे, हेही सांगितले पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० सालच्या कोष्टकाप्रमाणे ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम प्रथिने लागतात; जोर-बैठका मारणाऱ्याला अर्थातच अधिक. एक लिटर म्हशीच्या दुधात ३५ ग्रॅमच्या वर प्रथिने मिळतात, शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत २५ च्या आसपास. जुन्या वस्तादांचा खुराक या हिशेबात चांगलाच बसतो. तरीही कुणाला पावडर घ्यायची असेल तर त्याने ती जरूर घ्यावी. मात्र डब्यावर जे छापले ते डब्यात असावे, एवढा त्याचा हक्क आहे.

आता हा माल अन्न की औषध? येथेच पहिली गाठ आहे. औषधांचा कायदा १९४० चा. अन्नभेसळीचा कायदा १९५४ चा. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदाही त्याच १९५४ सालचा. या तिन्हींच्या मधल्या बोळातून सप्लिमेंट अनेक वर्षे ये-जा करीत होते. औषध म्हणावे तर ते म्हणत, आम्ही अन्न. अन्न म्हणावे तर डब्यावर रोग बरे करण्याच्या गोष्टी. पुढे २००६ साली अन्न सुरक्षा व मानके कायदा झाला, ५ ऑगस्ट २०११ पासून तो अमलात आला आणि १९५४ चा भेसळीचा कायदा गेला. नव्या कायद्याच्या २२ व्या कलमाने या मालाला प्रथमच स्वतःचे घर दिले. ते घर अन्नाचे आहे. त्यात राहायचे तर अट अशी की, अमुक रोग बरा करतो असे म्हणायचे नाही. म्हणून तर डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असे छापावे लागते. आपल्यापैकी किती जणांनी ती ओळ वाचली आहे? ती बहुधा इंग्रजीत असते. लेबलावरचा सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की कायद्याचे समाधान होते. मराठी छापायला मनाई नाही, एवढाच मराठीचा मान.

आता त्या नंबराकडे वळू. प्रत्येक डब्यावर १४ आकड्यांचा एक नंबर असतो. पहिला आकडा १ असेल तर तो परवाना, २ असेल तर लहान धंद्याची साधी नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे. तेथे दोन शून्ये असतील तर परवाना केंद्राचा. त्यापुढचे दोन सालाचे. उरलेले कचेरीचे व अनुक्रमाचे. हे समजायला आम्हांला एक संध्याकाळ लागली. समजल्यावर मात्र मोठा उलगडा झाला. हा नंबर धंदा करणाऱ्याचा आहे. अमुक माणूस अमुक जागी अमुक प्रकारचे अन्न बनवतो आणि त्याला परवाना दिला आहे, एवढेच तो सांगतो. कारखान्यात कामगाराला बिल्ला मिळतो. बिल्ला बघून पहारेकरी त्याला आत सोडतो, कारण त्याचे नाव मस्टरवर आहे हे त्यावरून कळते. आज पाळीवर त्याने काय काम केले, हे बिल्ल्यावरून कधी कुणाला कळले आहे काय? तसेच हे आहे. आपल्या हातातल्या डब्यातली भुकटी सरकारी माणसाने तपासून पाहिली, असे तो नंबर कुठेच म्हणत नाही. 'सरकारमान्य' हा शब्द आपण आपल्या मनाने त्याला चिकटवला, आणि विकणाऱ्याने तो खोडला नाही.

एकेक माल आधी तपासून मगच बाजारात सोडण्याचा प्रयत्न आपल्याकडे झालाच नाही असे नाही. तो झाला आणि मोडला, आणि ती हकिगत आपल्याच राज्यातल्या न्यायालयात घडली. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ८ मे २०१३ रोजी एक सूचनापत्र काढले. ज्या मालाचे मानक ठरलेले नाही त्याला विक्रीपूर्वी प्राधिकरणाची मंजुरी घ्यावी, असा त्याचा आशय होता. सप्लिमेंट बनवणारी व्हायटल न्यूट्रास्युटिकल्स ही कंपनी याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली. ३० जून २०१४ रोजी न्यायालयाने निकाल दिला की, या सूचनापत्राला कायद्याचे बळ नाही. कायद्याखाली नियम करायचा तर त्याचा मसुदा आधी प्रसिद्ध करावा लागतो, केंद्र सरकारची संमती घ्यावी लागते, तो संसदेपुढे ठेवावा लागतो. यांपैकी काहीही न करता नुसते पत्रक काढून सक्ती करता येणार नाही. १९ ऑगस्ट २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हाच निकाल कायम केला आणि त्याच महिन्यात ती मंजुरीची पद्धत बंद झाली.

हा निकाल कंपन्यांच्या बाजूचा म्हणून आमच्या काही मित्रांना तो खटकतो. आम्हांला तो बरोबर वाटतो. नोटीसबोर्डावर चिकटवलेल्या पत्रकाविरुद्ध आम्ही जन्मभर भांडलो आहोत. व्यवस्थापनाने सकाळी एक कागद लावायचा आणि संध्याकाळी तो स्थायी आदेश म्हणून आमच्या अंगावर टाकायचा, हे आम्ही चालू दिले नाही. रीतसर मंजूर करून आणा, मग पाळू, असे म्हणत आलो. तोच न्याय मालकाला लागू झाला म्हणून आरडाओरड करणे आम्हांला शोभणार नाही. चूक न्यायालयाची नव्हती, रस्ता चुकवणाऱ्यांची होती. परंतु या सगळ्यात खाणाऱ्याचे काय झाले, हे कुणी विचारले नाही. तो खटल्यात पक्षकार नव्हता.

पुढे रीतसर नियम झाले. डिसेंबर २०१६ मध्ये ते राजपत्रात आले आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. कोणती जीवनसत्त्वे, कोणत्या वनस्पती घालता येतील याच्या याद्या आल्या. पोषक द्रव्यांच्या मात्रेला मर्यादा घातली गेली. 'हा विविध आहाराला पर्याय नाही', 'मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवा' अशा ओळी लेबलावर सक्तीच्या झाल्या. यादीतले जिन्नस, यादीतल्या मात्रेत वापरलेत तर प्रत्येक डब्यासाठी दिल्लीला जाण्याचे कारण नाही. यादीबाहेरचे काही वापरायचे असेल तर त्यासाठी २०१७ चे वेगळे नियम आहेत. ही रचना आम्हांला समंजस वाटते. पण ती एका गृहीतावर उभी आहे: कागदावर जे लिहिले तेच आत आहे. ते तपासणार कोण?

मधल्या काळात आधुनिकीकरण झाले. नोंदणी प्रथम संगणकावर आली, मग त्या व्यवस्थेच्या जागी फॉसकॉस नावाची नवी व्यवस्था आली आणि १ नोव्हेंबर २०२० पासून ती महाराष्ट्रातही सुरू झाली. अर्ज घरबसल्या, फी घरबसल्या, परवाना घरबसल्या. यात सोय झाली, हे नाकारणे खोटेपणाचे होईल. पूर्वी सोलापूरला हेलपाटे घालावे लागत. तरीही एक गोष्ट पाहा. बचत गटाच्या बाया नाचणीचे सत्त्व करतात. २०११ च्या नियमांत त्यांच्यासारख्या लहान धंद्याला वर्षाची फी १०० रुपये ठेवली होती. अर्ज मात्र इंटरनेटच्या दुकानात बसून भरायचा, आणि ते भरून देणारा फीच्या कितीतरी पट घेतो. आणखी एक गंमत म्हणजे, सत्त्व हे साधे अन्न आहे. पण हौसेने पुडीवर 'रक्त वाढवते, मधुमेह घालवते' असे छापले की मामला बदलतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ५३ व्या कलमाखाली १० लाखांपर्यंत दंड आहे. आम्ही त्या बायांना एवढेच सांगितले की 'नाचणीचे सत्त्व' लिहा आणि थांबा. नोंदणी कडक करा असे आम्ही म्हणतो तेव्हा या बाया आमच्या डोळ्यांपुढे असतात. जाळे असे विणू नये की माशी अडकावी आणि गांधीलमाशी निसटावी.

त्या पोराच्या डब्याचा नंबर आम्ही मोबाइलवर टाकून पाहिला. तशी सोय आहे आणि ती कुणालाही फुकट वापरता येते. परवाना जिवंत होता, कंपनी परराज्यातली होती. खाली मालांची यादी होती, पण डब्यावर जे नाव ठसठशीत छापले होते ते त्या यादीत आम्हांला सापडले नाही. कदाचित वेगळ्या नावाखाली असेल. डब्याच्या बुडाशी बॅच नंबर होता. त्याचे काय करायचे ते संगणक सांगत नव्हता. त्या बॅचची तपासणी झाली का, कुठल्या प्रयोगशाळेत झाली, प्रथिने किती निघाली, यांपैकी काही नाही. आमच्या ध्यानात आले की हे दप्तर अर्जदारासाठी लिहिलेले आहे. वाचायला खाणारा येईल अशी कुणाची कल्पनाच नाही. असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी २०२१ साली सुरू झाली तेव्हा आम्ही शेकडो जणांचे फॉर्म भरले. प्रत्येकाला १२ आकडी नंबर मिळाला आणि मग प्रत्येकजण तो घेऊन आमच्याकडे आला: "अण्णा, आता ह्याचं काय करायचं?" नंबर देणे सोपे आहे.

तपासणी का हवी, हे साखरपट्ट्यातल्या माणसाला वेगळे समजावून सांगायला नको. काटा मारणे म्हणजे काय, हे येथे पोराटोरांना ठाऊक आहे. प्रथिनांचाही एक काटा आहे आणि तोही मारता येतो. डेन्मार्कच्या केल्डाल या रसायनशास्त्रज्ञाने १८८३ साली काढलेली रीत आजही चालते. तीत प्रथिन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात. प्रथिनात साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून आलेल्या आकड्याला ६.२५ ने गुणले की प्रथिनाचा आकडा निघतो. आता काट्याला एवढेच कळते की नायट्रोजन किती. तो दुधाचा की दुसऱ्या कशाचा, हे त्याला कळत नाही. म्हणून भुकटीत नायट्रोजन असलेले दुसरे स्वस्त द्रव्य मिसळले की आकडा फुगतो. चीनमध्ये २००८ साली दुधात मेलामाइन मिसळले होते ते याच हिशेबाने. मेलामाइनचा दोनतृतीयांश भाग नायट्रोजनच असतो. सुमारे तीन लाख मुले आजारी पडली, काही दगावली. उसाच्या गाडीत दगड घालून वजन वाढवावे, तसाच हा प्रकार.

आपल्याकडचे चित्र कसे आहे? केरळमधल्या काही डॉक्टरांनी बाजारात खपणारे प्रथिन-पावडरीचे ३६ डबे घेऊन स्वतंत्रपणे तपासले आणि निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध केले. जवळजवळ ७० टक्के डब्यांवरचा प्रथिनांचा आकडा आतल्या मालाशी जुळला नाही. १४ टक्क्यांत बुरशीपासून होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष सापडले, ८ टक्क्यांत कीटकनाशकाचे अंश. डॉक्टरांनी दुकानातून डबे आणून तपासले, म्हणून हे आपल्याला कळले. नोंदणीच्या दप्तरातून ते कळले नाही.

बाहेरच्या देशांत सारे आलबेल आहे, असे मानू नये. अमेरिकेत १९८९ साली ट्रिप्टोफॅन नावाच्या सप्लिमेंटने दीड हजारांहून अधिक लोक आजारी पडले आणि ३७ मेले. त्यानंतर पाच वर्षांनी, १९९४ साली, तेथे जो कायदा झाला त्याने कंपन्यांचे ओझे हलके केले. माल बाजारात आणण्यापूर्वी सरकारकडे नोंदवण्याचीही सक्ती नाही. निदान यादी तरी करा, असे विधेयक २०२२ साली तेथील सिनेटमध्ये आले, पण ते संमत झाले नाही. पैसा कुठे बोलतो आणि कुठे गप्प बसवतो, हे आम्ही वेगळे सांगत नाही.

जपानची हकिगत अधिक शिकण्यासारखी आहे, कारण तेथे दप्तर उत्तम होते. २०१५ पासून तेथे अशी पद्धत आहे की, कंपनीने आपल्या मालाचा गुण आणि त्याचे पुरावे विक्रीच्या ६० दिवस आधी सरकारला कळवायचे. सरकार तपासत नाही, नोंदवून घेते आणि सर्वांसाठी खुले ठेवते. आधुनिक म्हणतात तशी ही नोंदणी. ओसाकाच्या कोबायाशी कंपनीने याच पद्धतीने लाल बुरशीच्या तांदळाची गोळी कोलेस्टेरॉलसाठी विकायला काढली. जानेवारी २०२४ च्या मध्यात एका डॉक्टरने कंपनीला कळवले की, ही गोळी खाणाऱ्याचे मूत्रपिंड बिघडले आहे. कंपनीने हे जाहीर केले २२ मार्चला. मधल्या दोन महिन्यांत गोळ्या विकल्या जात होत्या आणि माणसे खात होती. शेकडो लोक रुग्णालयात दाखल झाले. कारखान्यात दुसरीच एक बुरशी शिरली होती आणि तिचे विष मालात उतरले होते, असे पुढे आढळले. कागद सगळे बिनचूक होते. फक्त माणूस आजारी पडला तर सरकारला ताबडतोब कळवा, अशी सक्ती त्या कागदांत नव्हती. सप्टेंबर २०२४ पासून ती घातली गेली.

आपल्या कायद्यात यासाठी बीज आहे. ३५ व्या कलमाप्रमाणे, अन्नातून विषबाधा झालेले रुग्ण आढळल्यास ते कळवण्याची सक्ती प्राधिकरणाला त्या त्या भागातल्या डॉक्टरांवर अधिसूचनेने करता येते. नातेपुते, वेळापूर, अकलूजच्या दवाखान्यांत बसणारे डॉक्टर रोज माणसे तपासतात. पावडर खाऊन कुणाचे पोट, कुणाचे यकृत, कुणाचे मूत्रपिंड बिघडले हे सर्वांत आधी त्यांना कळणार. त्यांच्यापासून दप्तरापर्यंत एक वाट हवी. डब्यावरचा बॅच नंबर मोबाइलवर टाकला की त्या बॅचचा तपासणीचा दाखला मराठीत दिसला पाहिजे, आणि तिच्याविषयी आलेल्या तक्रारीही दिसल्या पाहिजेत. हा माल अन्नाकडून काढून औषधाच्या खात्याकडे द्यावा काय, याचा विचार २०२४ साली केंद्रात सुरू झाला, समितीही नेमली गेली. आमचे मत विचाराल तर, घर कोणते द्यायचे ते द्या. खिडकी रस्त्याच्या बाजूला ठेवा.

आमच्या पोराच्या डब्याचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. त्याला आधी आम्ही डॉक्टरकडे धाडले. डॉक्टरांनी पावडर बंद करायला लावली. मग कायदा चाळताना ४० वे कलम सापडले. कुणीही साधा गिऱ्हाईक फी भरून सरकारी अन्न-विश्लेषकाकडून आपला माल तपासून घेऊ शकतो, आणि माल कायद्याप्रमाणे नसल्याचे ठरले तर फी परत मिळते. अट एवढीच की, विकत घेतानाच दुकानदाराला सांगावे लागते: हा माल आम्ही तपासायला नेत आहोत. म्हणजे पोराचा फोडलेला डबा गेला वाया. तालमीतल्या पाच जणांनी वर्गणी काढली. आम्ही त्यांच्याबरोबर दुकानात गेलो आणि दुकानदाराला तसे सांगितले. तो हसला, डबा पुन्हा कपाटात ठेवला आणि म्हणाला, "अण्णा, हा संपला. दुसरीकडं बघा." दुसऱ्या गावी एका दुकानदाराने दिला, पावतीवर 'तपासणीसाठी' असे स्वतःच्या हाताने लिहून खाली शिक्काही मारला. सीलबंद डबा आणि ती पावती घेऊन पोरे सोलापूरला गेली. अहवालाची वाट पाहतो आहोत.